ओसाका कसे पाहावे: जुने आणि नवे एकाच फेरीत

जपानला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या कार्यक्रमात ओसाका हे शहर मुक्कामापुरतेच येते. एक दिवस क्योतो, दुसऱ्या दिवशी नारा, आणि रात्री पाठ टेकायला ओसाका, असा तो बेत असतो. ठाण्यात मिळणाऱ्या छापील सहल-पत्रकांत या शहराच्या वाट्याला किल्ल्यासमोरचा एक फोटो आणि दोतोन्बोरी या कालव्याकाठच्या भागाच्या झगमगाटातली एक संध्याकाळ याहून अधिक काही क्वचितच दिसते. एवढे मोठे आणि मनमोकळे शहर असे उरकून टाकणे मला मनापासून खटकते. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी अशा भागांतून स्वतःच्या हिमतीवर, म्हणजे कंपनीच्या बसशिवाय, आईवडील आणि मुले यांना घेऊन निघणाऱ्यांनी ओसाकाला चार पूर्ण दिवस द्यावेत, आणि ते कसे द्यावेत, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. ओसाका पाहताना प्रसिद्ध ठिकाणांची यादी करून एकेक नावावर खूण करत जाऊ नये. शहराचे चार भाग पाडावेत आणि एका दिवशी एकच भाग पायी पाहावा. याचे कारण असे की या शहरात जुने एका टोकाला आणि नवे दुसऱ्या टोकाला, अशी विभागणी नाही. सहाव्या शतकात स्थापन झालेल्या मंदिराच्या अंगणातून ३०० मीटर उंचीचा मनोरा दिसतो, आणि निऑनच्या पाट्यांनी उजळलेल्या कालव्यापासून दोन मिनिटांवर शेवाळाने झाकलेली देवमूर्ती उभी असते. सकाळी शहराच्या उत्तरेला आणि दुपारी दक्षिणेला अशी धावपळ केली, की हा शेजार नजरेतून निसटतो आणि दिवसाचा बराच वेळ स्थानकांच्या भुयारात जातो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक ठिकाणी नेमके काय जुने आहे, हे जाण्यापूर्वी माहीत करून घ्यावे. ओसाका हे व्यापाऱ्यांचे शहर आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, देशभरचा तांदूळ येथे येऊन विकला जाई, आणि दोजिमा येथील तांदळाच्या वायदेबाजाराला शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, राजवटीने १७३० मध्ये अधिकृत मान्यता दिली होती. लाकडी बांधकामे आगीत जळत, ती पुन्हा उभी राहत. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत तर शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. त्यामुळे आज दिसणाऱ्या अनेक ‘प्राचीन’ इमारती सिमेंट-काँक्रीटच्या आहेत. हे आधी ठाऊक नसले, की किल्ल्यात लिफ्ट पाहून मन खट्टू होते. ठाऊक असले, तर नजर योग्य ठिकाणी जाते.

निघण्यापूर्वी

काळ निवडताना जपानची आणि आपली, अशा दोन्ही दिनदर्शिका शेजारी ठेवाव्यात. एप्रिलच्या २९ तारखेपासून मेच्या ५ तारखेपर्यंत तेथे सलग सुट्ट्यांचा ‘गोल्डन वीक’ असतो आणि त्या आठवड्यात हॉटेलांचे दर व रांगा दोन्ही वाढतात. आपल्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात आणि ओसाकात पावसाळा साधारण जूनच्या सुरुवातीला लागतो. म्हणून मुलांबरोबर जाणाऱ्यांसाठी मेचा दुसरा आणि तिसरा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. दिवाळीची सुट्टीही चांगली. हवा कोरडी आणि थंड होत आलेली असते. पानांचे लाल-पिवळे रंग मात्र ओसाकात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरात येतात, तेव्हा दिवाळी लवकर असेल तर त्यांची अपेक्षा धरू नये. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो, जो काळ आपल्याकडे परीक्षांचा असतो. ऑगस्ट टाळावा, उष्मा ३५ अंशांच्या आसपास, दमट हवा, त्यात पितरांच्या बोन सणाची गर्दी आणि वादळांची शक्यता, हे ज्येष्ठांना झेपणारे नाही.

पर्यटनाचा व्हिसा आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतो. तो विमानतळावर स्वतःच्या फोनवर, इंटरनेट सुरू असताना, मूळ संकेतस्थळावरच उघडून दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून घरातील प्रत्येकाचा व्हिसा कोणत्या फोनवर उघडायचा हे निघण्यापूर्वी ठरवावे, आणि उतरल्याबरोबर इंटरनेट चालेल अशी ई-सिमची किंवा रोमिंगची सोय भारतातूनच करून ठेवावी. आता मुंबईच्या जुन्या विमानतळाबरोबर नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला असल्याने तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे हेही नीट वाचावे, कारण ठाण्याहून दोन्हींचे रस्ते वेगळ्या दिशांना जातात.

औषधांबाबत जपान कडक आहे. स्यूडोएफेड्रिन हे द्रव्य ठरावीक प्रमाणाहून अधिक असलेल्या सर्दीच्या गोळ्या तेथे नेण्यास मनाई आहे, आणि आपल्याकडे अशा गोळ्या घरात असू शकतात. औषधांच्या डब्यातील प्रत्येक पट्टीचे घटक वाचावेत आणि नियमित औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. ताजी फळे, भाज्या, कढीलिंबाची पाने आणि कोणत्याही प्रकारचे मांसाचे पदार्थ सामानात घेऊ नयेत. मेतकूट, कोरड्या चटण्या, उपम्याचे भाजलेले मिश्रण आणि इन्स्टंट पोह्यांची पाकिटे मात्र जरूर घ्यावीत. त्यांचा उपयोग पुढे कळेल. तेथील वीज १०० व्होल्टची असून पिनेचे दोन्ही पाय चपटे असतात, तेव्हा अडॅप्टर लागतो.

उतरल्यावर

कान्साई विमानतळ समुद्रात भर घालून तयार केलेल्या बेटावर असून तो १९९४ मध्ये सुरू झाला. तेथून शहरात येण्यासाठी टॅक्सीचा विचारही करू नये. नान्बा भागात राहणार असाल तर नानकाई कंपनीची ‘रॅपिट’ ही आरक्षित गाडी सुमारे ४० मिनिटांत पोहोचवते, आणि त्याच मार्गावरची साधी जलद गाडी थोडा अधिक वेळ घेते पण स्वस्त पडते. तेन्नोजी किंवा उमेदा येथे राहणाऱ्यांनी जेआर या रेल्वे कंपनीची ‘हारुका’ गाडी घ्यावी. मुक्काम नान्बा किंवा तेन्नोजी येथेच करावा, असे माझे मत आहे. दोन्ही ठिकाणांहून विमानतळाला थेट गाडी आहे आणि संध्याकाळी थकल्यावर चालत परतता येते. हॉटेलच्या खोल्या आपल्या कल्पनेपेक्षा बऱ्याच लहान असतात, म्हणून मोठ्या बॅगा नेणे टाळावे.

स्थानकावरच ‘इकोका’ हे रक्कम भरून वापरण्याचे कार्ड प्रत्येकासाठी एक याप्रमाणे घ्यावे. मेट्रो, जेआर, ट्राम, बस, इतकेच नव्हे तर दुकानांतही ते चालते. शहराचा कणा म्हणजे उत्तर-दक्षिण धावणारा मिदोसुजी मार्ग. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाचा रंग लाल आहे, आणि त्यावर प्रत्येक स्थानकाला ‘एम’ या अक्षरापुढे एक क्रमांक दिलेला आहे: उमेदा १६, शिन्साइबाशी १९, नान्बा २०, तेन्नोजी २३. जपानी अक्षरे वाचता न येणाऱ्या आजीआजोबांनाही एवढे चार आकडे पाठ असले, की चुकामूक झाली तरी एका ठरलेल्या स्थानकावर पुन्हा भेटता येते. कामाच्या दिवशी या गाड्यांत महिलांसाठी राखीव डबा असतो; फलाटावर त्याची गुलाबी खूण असते. सरकत्या जिन्यावर ओसाकात उजव्या बाजूला उभे राहतात आणि तोक्योत डाव्या, हे लक्षात ठेवावे. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात ज्येष्ठांना घेऊन मेट्रोत शिरू नये.

तेन्नोजी: पहिला दिवस

सुरुवात शितेन्नोजी मंदिरापासून करावी. राजपुत्र शोतोकू यांनी ५९३ मध्ये त्याची स्थापना केली असे मानले जाते. दक्षिणेकडून पाहिले, की मधला दरवाजा, पाच मजली पागोडा, मुख्य सभागृह आणि व्याख्यानगृह एका सरळ रेषेत उभे दिसतात. ही मांडणी मूळ काळातली आहे, इमारती मात्र विसाव्या शतकातल्या, काँक्रीटच्या आहेत. हे मंदिर उभारण्यासाठी कोरियातून आलेल्या कारागिरांच्या वंशजांची ‘कोंगो गुमी’ ही बांधकाम पेढी ५७८ पासून २००६ पर्यंत स्वतंत्रपणे चालू राहिली, हे वाचून मंदिराकडे पाहण्याची दृष्टीच बदलते: येथे लाकूड टिकले नाही, बांधण्याचे कसब टिकले. खरोखरीचे जुने पाहायचे असेल तर पश्चिमेच्या बाजूला जावे. तेथे १२९४ मधले दगडी तोरी, म्हणजे शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या पद्धतीचे प्रवेशद्वार, बौद्ध मंदिराच्या वाटेवर उभे आहे. विषुवदिनी सूर्य नेमका या दाराच्या रेषेत मावळतो आणि भाविक ते पाहायला जमतात. महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला आवारात जुना बाजार भरतो. वापरलेले किमोनो, चिनी मातीची भांडी, हत्यारे, खेळणी यांच्या राशी अगदी माफक किमतीत मिळतात. शक्य असल्यास पहिला दिवस या तारखांना जुळवावा.

तेथून पंधरा मिनिटे चालले, की अबेनो हारुकास. २०१४ मध्ये पूर्ण झालेली ही ६० मजल्यांची, ३०० मीटर उंचीची इमारत अनेक वर्षे जपानमधील सर्वांत उंच इमारत होती. वरच्या तीन मजल्यांवर निरीक्षणकक्ष आहे. सकाळी ज्या पागोड्याखाली उभे राहून मान वर केली होती, तो येथून काडीएवढा दिसतो, आणि शहर किती सपाट, किती दाट आणि समुद्राला किती लगटून आहे, हे एका नजरेत समजते. वेळ तिसऱ्या प्रहराची ठेवावी.

संध्याकाळ शिन्सेकाई भागात घालवावी. १९१२ मध्ये नव्या युगाची वस्ती म्हणून मोठ्या उत्साहाने वसवलेला हा भाग आज शहरातील सर्वांत जुनाट वाटतो, आणि त्यातच त्याची गंमत आहे. मधोमध त्सुतेन्काकू मनोरा आहे; मूळचा मनोरा १९४३ मध्ये उतरवण्यात आला आणि सध्याचा १९५६ मधला आहे. वर जाण्याची गरज नाही, हारुकास पाहून झालेले असते. खालच्या गल्ल्यांत फिरावे.

किल्ला, नदी आणि उमेदा

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला किल्ल्याचे दार उघडते तेव्हाच तेथे असावे. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीश सरदाराने १५८३ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. १६१५ च्या वेढ्यात तोकुगावा या प्रतिस्पर्धी घराण्याने तो जिंकला, त्यात तो जळाला, आणि १६२० पासून त्यांनी तो पुन्हा बांधला, तोही हिदेयोशीच्या तटांवर मातीची भर टाकून, जणू त्याची खूणही उरू नये अशा रीतीने. तोकुगावांचा मुख्य मनोरा १६६५ मध्ये वीज पडून जळाला. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे किल्ल्याला मनोराच नव्हता. आज छायाचित्रांत दिसतो तो १९३१ मधला, नागरिकांनी वर्गणी काढून बांधलेला, आत काँक्रीटचा सांगाडा आणि संग्रहालय असलेला आहे. व्यापाऱ्यांच्या शहराने स्वतःच्या खिशातून बांधलेली स्मारकवास्तू म्हणून मला तो प्रिय आहे, पण सोळाव्या शतकाचा किल्ला म्हणून त्याकडे पाहू नये.

जुने आहेत ते तट आणि खंदक. साकुरामोन दरवाजातून आत शिरताच समोर ‘ताकोइशी’ नावाची शिळा आहे. तिचा दर्शनी भाग सुमारे ६० चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या सदनिकेहून मोठा आहे, आणि वजन शंभर टनांच्या वर आहे. ही शिळा आजच्या ओकायामा प्रांतातून समुद्रमार्गे आणली गेली. तटांचे काम देशभरच्या सरदारांना वाटून दिलेले होते आणि कोणता दगड कोणाचा हे कळावे म्हणून त्यांवर खुणा कोरलेल्या होत्या. खंदकाच्या कडेने सावकाश चालत गेले आणि ऊन तिरपे असले, की वर्तुळे, रेघा, पानांसारखी चिन्हे असलेले दगड सापडू लागतात. मुलांना हा शोध फार आवडतो. हिदेयोशीच्या काळचा गाडला गेलेला तट उकरून काढलेला असून एप्रिल २०२५ पासून तो जमिनीखालच्या दालनात पाहता येतो. मनोरा आणि हे दालन यांचे एकत्रित तिकीट प्रौढांना १,२०० येन आहे. वेळ कमी असेल तर मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावरची रांग सोडावी, पण हे दालन सोडू नये.

किल्ल्याच्या दक्षिणेला रस्ता ओलांडून नानिवा राजवाड्याचे मोकळे मैदान आहे. सातव्या शतकाच्या मध्यास जपानची राजधानी येथे होती. आज केवळ चौथरा दिसतो. दहा मिनिटे पुरतात.

दुपारी नदीच्या दोन फाट्यांमधल्या नाकानोशिमा बेटावर जावे. तेथील लाल विटांचे सार्वजनिक सभागृह १९१८ मध्ये पूर्ण झाले. इवामोतो एइनोसुके या शेअर दलालाने त्यासाठी आपली मोठी संपत्ती शहराला दिली होती. पुढे बाजारात तो बुडाला, दिलेले पैसे परत मागावेत असे लोकांनी सुचवले तरी त्याने मागितले नाहीत, आणि इमारत पूर्ण होण्याआधी १९१६ मध्ये त्याने जीवन संपवले. त्याच्या दातृत्वाची ही वास्तू बाहेरून तरी नीट पाहावी. शेजारी १९०४ मधले ग्रंथालय आहे, तेही एका उद्योगपती घराण्याच्या देणगीतून उभे राहिलेले. मुलांबरोबर असणाऱ्यांनी वास्तुकार आंदो तादाओ यांनी रचलेले आणि २०२० मध्ये उघडलेले मुलांचे पुस्तकघर पाहावे. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागू शकते.

संध्याकाळी उमेदा. येथील हान्क्यू स्थानकावर १९२९ मध्ये रेल्वे कंपनीने स्वतःचेच मोठे दुकान उघडले, आणि स्थानक व बाजारपेठ एकत्र बांधण्याची ती कल्पना पुढे देशभर पसरली. सीवूड्स स्थानकावरच्या मॉलमध्ये लोकलमधून उतरून थेट खरेदीला जाणाऱ्या नवी मुंबईकरांना ही रचना ओळखीची वाटेल, फक्त येथे ती कित्येक पटींनी मोठी आणि बहुमजली आहे. भुयारी वाटांत हरवायला होते. रस्त्यावर येऊन दिशा पाहणे केव्हाही बरे. उमेदा स्काय बिल्डिंग ही १९९३ मधली, १७३ मीटर उंचीची जोड-इमारत सूर्यास्तापूर्वी तासभर गाठावी. दोन मनोऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशातून वर चढणाऱ्या काचबंद सरकत्या जिन्यावरून माथ्यावरच्या गोल सज्जात जाता येते आणि तेथे उघड्या हवेत उभे राहून योदो नदीवरचा सूर्यास्त पाहता येतो. उंचीची भीती असणाऱ्यांनी खाली, तळघरातल्या ताकिमी-कोजी या गल्लीत थांबावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जपानी रस्त्याची आठवण देणारी ती खाद्यगल्ली आहे.

सुमियोशी, बाहुल्या आणि दोतोन्बोरी

चारांपैकी एकच दिवस हाती असेल, तर तो या भागाला द्यावा. तेन्नोजी-एकिमाए येथून हान्काई ट्राम पकडावी. शहरातल्या सगळ्या ट्राम गेल्या, हीच उरली. घरांच्या परसदारांजवळून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारून ती डुलत जाते आणि सुमियोशी ताइशा या देवळाच्या अगदी दारात सोडते.

परंपरेनुसार हे देऊळ २११ मध्ये स्थापन झाले. समुद्रप्रवास करणाऱ्यांचे हे दैवत. दारातच लाल रंगाचा, अर्धगोलाकार उंच पूल आहे. तो ओलांडल्याने माणूस शुद्ध होतो अशी श्रद्धा आहे. चढ फार उभा आहे, आडव्या पट्ट्यांवर पाय रोवून आणि कठडा धरून चढावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बाजूच्या सपाट वाटेने जावे, त्यात काही उणे नाही. आतील चार मुख्य मंदिरे १८१० मधली असून ती राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित आहेत. चिनी वास्तुकलेचा प्रभाव येण्यापूर्वीची ही शैली आहे, म्हणून छपराला कोठेही बाक नाही, सरळ उतार आहे. तीन मंदिरे एकामागे एक, पश्चिमेकडे तोंड करून, ताफ्यातल्या गलबतांसारखी उभी आहेत, कारण एके काळी समोर समुद्र होता. भर घालत घालत तो आता दूर गेला आहे. आवारातल्या शेकडो दगडी दीपस्तंभांवर ते देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि जहाजमालकांच्या पेढ्यांची नावे आहेत.

मागच्या बाजूला कुंपणाने वेढलेली गोट्यांची एक छोटी जागा आहे. तेथे लोक वाकून, कुंपणाच्या सळ्यांमधून हात घालून एकेक गोटा उलटून पाहत असतात. काही गोट्यांवर ‘पाच’, ‘मोठे’ आणि ‘बळ’ या अर्थाची अक्षरे शाईने लिहिलेली असतात; तिन्ही सापडली की ती ताईत म्हणून जवळ ठेवायची, आणि इच्छा पुरी झाली की स्वतःच्या हाताने तशीच अक्षरे लिहिलेले आणखी गोटे भर घालून परत आणायचे. हे काम घाईत होत नाही. अर्धा तास लागला तरी लागू द्यावा.

शिंतो देवळात दर्शन घेताना आधी हात धुवावेत, मग दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकावे. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात.

दुपारी निप्पोम्बाशी येथील राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृहात जावे. गडकरी रंगायतनात वाढलेल्या ठाणेकर रसिकाने ओसाकात जाऊन हा बाहुल्यांचा खेळ न पाहता परतावे, हे मला पटतच नाही. १६८४ मध्ये ताकेमोतो गिदायू या गायकाने दोतोन्बोरीत आपले नाट्यगृह काढले आणि ही कला येथेच बहरली. एका बाहुलीला तीन माणसे हलवतात: मुख्य सूत्रधार डोके आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. पाय आणि डावा हात यांवर वर्षानुवर्षे उमेदवारी केल्यावरच मुख्य जागा मिळते. तिघेही प्रेक्षकांसमोर उभे असतात, लपलेले नसतात. तरी थोड्या वेळाने ते दिसेनासे होतात आणि बाहुलीने पदर सावरावा, श्वास रोखावा, तसे काहीसे घडू लागते. उजवीकडच्या मंचावर बसलेला एकच गायक सर्व पात्रांचे संवाद म्हणतो आणि शेजारी शामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजत असते. खेळ वर्षभर नसतात. जानेवारी, एप्रिल, उन्हाळा आणि नोव्हेंबर हे मुख्य हंगाम असतात, म्हणून विमानाची तिकिटे काढण्यापूर्वीच वेळापत्रक पाहावे. पूर्ण प्रयोग काही तासांचा असतो. मुले बरोबर असल्यास एका अंकापुरत्या तिकिटाची चौकशी करावी. इंग्रजी निवेदनाचे श्रवणयंत्र भाड्याने मिळते.

नाट्यगृहातून चालत दोतोन्बोरी दहा मिनिटांवर आहे. १६१५ मध्ये खोदून पूर्ण झालेल्या या कालव्याच्या काठी आज हलणाऱ्या पायांचा प्रचंड खेकडा आणि धावणाऱ्या खेळाडूची, ग्लिको या खाऊच्या कंपनीची पाटी आहे. ती पाटी पहिल्यांदा १९३५ मध्ये लागली. सध्याची सहावी असून २०१४ पासून एलईडीवर उजळते. एबिसुबाशी पुलावर गर्दी असते, तेथे फार रेंगाळू नये. दक्षिणेला दोन मिनिटांवर होझेन्जी गल्ली आहे. दगडी फरसबंदी, कागदी कंदील, आणि टोकाला फुदो म्योओ या बौद्ध देवतेची मूर्ती. दर्शनाला आलेला प्रत्येक जण लाकडी पळीने तिच्यावर पाणी घालतो, त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या शेवाळाचा जाड थर चढला आहे आणि चेहऱ्याची ठेवणही केवळ अंदाजाने कळते. आपणही पाणी घालावे. आपल्याकडे पिंडीवर जलाभिषेक करणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही. फोटो काढताना मात्र प्रार्थना करणाऱ्यांचे चेहरे टाळावेत.

चौथा दिवस

हा दिवस घरातल्या मंडळींच्या आवडीवर सोडावा. माझी पसंती तेंजिन्बाशी-सुजी या २.६ किलोमीटर लांबीच्या, छप्पर असलेल्या बाजारपेठेला आहे. पाऊस असला तर ती विशेष उपयोगी. तिच्या उत्तर टोकाला, मेट्रो स्थानकावरच्या इमारतीत, शहराच्या घरांचे आणि राहणीचे संग्रहालय आहे, ज्याच्या नवव्या मजल्यावर १८३० च्या दशकातला ओसाकाचा एक अख्खा रस्ता खऱ्या आकारात उभा केला आहे. दिवे बदलून तेथे पहाट, दुपार, रात्र होते. मंगळवारी ते बंद असते. लहान मुलांना काइयुकान मत्स्यालयातला तिमिंगल-शार्क दाखवावा. युनिव्हर्सल स्टुडिओला जायचे असेल तर अख्खा दिवस जातो आणि तिकिटे बरीच आधी काढावी लागतात. कलेत रस असणाऱ्यांनी सुइता येथील उद्यानात १९७० च्या जागतिक प्रदर्शनासाठी ओकामोतो तारो यांनी उभारलेला ७० मीटर उंचीचा ‘सूर्याचा मनोरा’ पाहावा. तो आतून २०१८ पासून पुन्हा खुला झाला आहे, मात्र आत जाण्यासाठी आगाऊ नोंदणी करणे चांगले.

शाकाहारी मंडळींचे जेवण

मासे खाणाऱ्यांची येथे चैन आहे आणि त्यांना सल्ल्याची गरज नाही. शाकाहारी माणसाला मात्र ‘दाशी’ हा शब्द माहीत हवा. सुकवलेल्या बोनितो माशाचा हा अर्क सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, शिजवलेल्या भाजीत, ओकोनोमियाकी या धिरड्यासारख्या पदार्थाच्या पिठातही असतो. वर मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. कुशिकात्सु, म्हणजे काडीला टोचून तळलेले पदार्थ, विकणाऱ्या दुकानात भाज्यांच्या काड्या मिळतात, पण ज्या तेलात मांस तळतात त्याच तेलात त्या तळतात. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे खात नाही, एवढे वाक्य आपल्या उच्चारात तेथे सहज समजते. तरी दाशीही चालत नाही हे जपानीत लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवावी आणि नम्रपणे दाखवावी. नकार मिळाला तर रागावू नये. देता येणार नाही असे प्रामाणिकपणे सांगणे हे तेथे सौजन्य मानतात.

रोजची व्यवस्था अशी लावावी: सकाळी खोलीतल्या किटलीतल्या उकळत्या पाण्यावर घरून आणलेला उपमा किंवा पोहे, दुपारी कोंबिनी, म्हणजे जागोजागी असणाऱ्या छोट्या किरकोळ दुकानातला नुसता मिठाचा भात-गोळा, दही, फळे आणि थंडीच्या दिवसांत भाजलेले रताळे, आणि रात्री नान्बा किंवा उमेदा भागातले भारतीय किंवा नेपाळी उपाहारगृह. कोको इचिबान्या या साखळीच्या काही शाखांत शाकाहारी करी मिळते. भात सर्वत्र उत्तम असतो, तेव्हा मेतकुटाची डबी खिशात असली, की ज्येष्ठांचा एक जेवणाचा प्रश्न सुटतो. चालता चालता खाणे टाळावे, आणि रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नसल्याने एक पिशवी कायम जवळ ठेवावी. बक्षिशी देण्याची पद्धत नाही.

क्योतो आणि नारा यांच्यासाठी हे चार दिवस मोडू नयेत. ते वेगळे दिवस काढून करावेत, आणि मुक्काम ओसाकातच ठेवला तरी चालतो, कारण जेआरच्या जलद गाडीने क्योतो अर्ध्या तासावर आहे. ओसाकाहून पुढे तोक्योला जायचे असेल तर मोठ्या बॅगा हॉटेलमधूनच पुढच्या हॉटेलवर पाठवता येतात. ही सेवा विश्वासार्ह असून सामान साधारणतः दुसऱ्या दिवशी पोहोचते, तेव्हा एका रात्रीचे कपडे हातात ठेवावेत. येथूनच परत फिरायचे असेल तर शेवटच्या सकाळी बॅगा हॉटेलमध्येच ठेवून बाहेर पडावे, कारण नान्बा स्थानकातले नाण्यांचे लॉकर दहा वाजेपर्यंत भरून जातात, आणि विमानाच्या किमान तीन तास आधी विमानतळावर पोहोचेल अशी गाडी पकडावी.